पन्नाशीनंतर झाडावर चढणं: दोराची नवी साधनं खरंच उपयोगी पडतात का?

वडपारंबी

वीस-पंचवीस वर्षं ब्लेकच्या नाहीतर प्रुसिकच्या गाठीवर (वजन पडलं की दोराला धरणारी, हाताने सरकणारी गाठ) झाडं छाटलेल्या लोकांसाठी हा धागा आहे. खांदा कुरकुरतो, मुठीतली पकड पूर्वीची राहिलेली नाही, पण हात गाठीवर पक्का बसलेला आहे. अशा माणसाने रोप रेंच (गाठीला मदत करणारं घर्षणाचं साधन), झिगझॅग (यांत्रिक गाठ), पायाचे आणि गुडघ्याचे ॲसेंडर (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) यांच्याकडे वळावं का?

शब्दांचा घोळ नको म्हणून आधी दोन पद्धती सांगतो. फिरता दोर: दोर फांदीवरून टाकलेला असतो. एक पदर हार्नेसला, दुसरा गाठीतून. आपण वर जातो तसा दोर फांदीवरून सरकत राहतो. स्थिर दोर: दोर वर फांदीला किंवा खाली बुंध्याला पक्का बांधलेला असतो, जागचा हलत नाही. आपण त्याच्यावरून चढतो.

आता हिशोब. माणूस आणि अंगावरचं सामान मिळून ८० किलो धरू. फिरत्या दोरावर वजन दोन पदरांत वाटलं जातं, म्हणून ओढ साधारण ४० किलोची. पण त्याच्या बदल्यात १५ मीटर वर जायला ३० मीटर दोर हातातून ओढावा लागतो. एका ओढीत ६० सेंमी दोर आला तर माणूस ३० सेंमी वर सरकतो, म्हणजे ५० ओढी. दोर थेट सालीवरून, बेचक्यातून जात असेल तर ४० किलो नुसते कागदावर राहतात, घर्षणाने ओढ कितीतरी वाढते. आणि या सगळ्या ओढी हात डोक्याच्या वर नेऊन मारायच्या. खांद्यातल्या रोटेटर कफच्या कंडरांना सगळ्यात जाचक हालचाल तीच.

स्थिर दोरावर पूर्ण ८० किलो उचलायचे, पण पायांनी. एका पावलाला ॲसेंडर, दुसऱ्या पायाला गुडघ्याच्या उंचीवरचा ॲसेंडर, त्याला वर खेचणारी लवचिक दोरी. पावलागणिक ३० सेंमी धरले तरी पुन्हा ५० पावलंच होतात, पण ती जिना चढल्यासारखी. हात तोल सांभाळण्यापुरते. मांडीचे स्नायू अंगातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी.

त्यामुळे माझं उत्तर ‘हो’ आहे. फक्त सगळं एकदम बदलू नये, आणि सर्वांत गुंतागुंतीचं साधन सर्वांत आधी घेऊ नये.

---

कप्पीवाला

हिशोब बरोबर आहे, पण तो फक्त वर पोचेपर्यंतचा. छाटणीच्या दिवसात शेंड्यापर्यंत जाणं एकदा-दोनदाच होतं. बाकी सगळा वेळ फांदीवर बाहेर चालत जायचं, टोकाशी कापायचं, परत खोडाशी यायचं, पुढची फांदी. तिथे दोर सतत थोडा घ्यावा लागतो, थोडा सोडावा लागतो. चांगली बांधलेली व्हीटी किंवा डिस्टेल गाठ आणि तिच्याखाली कप्पी, एवढ्यावर हे काम लोण्यासारखं होतं. थोडक्या उंचीच्या हालचालीत अर्धंच वजन उचलायचं असल्यामुळे फिरता दोर तिथे खरोखर हलका पडतो.

म्हणून ज्यांना पद्धत बदलायची नाही त्यांनी आहे त्याच पद्धतीत तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, दोर सालीवरून ओढणं बंद. दोन कड्यांचा किंवा कप्पीचा फ्रिक्शन सेव्हर (दोर सालीवर घासू न देणारा पट्टा) बेचक्यात बसवा. लहान कडं आणि मोठं कडं कुठल्या पदराकडे, हे जमिनीवरच ठरवून घ्या. उलटं बसलं तर काढताना वरच अडकतं.

दुसरी, गाठीच्या खाली हिच क्लाइंबरसारखी कप्पी. खालचा पदर ओढला की गाठ आपोआप वर सरकते. प्रत्येक ओढीनंतर दुसऱ्या हाताने गाठ ढकलायचं काम संपतं. ज्यांचं मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखतो त्यांना फरक पहिल्याच झाडावर कळतो.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी: एका पायाचा ॲसेंडर गाठीखालच्या पदरावर लावा. आता दोर हाताने ओढायचा नाही, पायाने दाबायचा. पाय ४० सेंमी सरळ झाला की माणूस २० सेंमी वर, आणि पायावर भार अर्ध्या वजनाचाच. गाठ तीच, दोर तोच, नवीन शिकायचं जवळपास काही नाही.

---

रानवाट

फुटलॉकचं काय? पायात दोर अडकवून चढणारे जुने लोक म्हणतात की आम्ही तर पहिल्यापासून पायांनीच चढतोय. आणि दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. खांदे वाचवायचे म्हणून गुडघे पणाला लावायचे, असं तर होत नाही ना?

---

वडपारंबी

रानवाट, फुटलॉकमध्ये दोन्ही गुडघे पोटाशी घ्यायचे, दोर पावलांत पिळून धरायचा आणि तेवढा वेळ अंग हातांवर लोंबत ठेवायचं. म्हणजे खांदे सुटत नाहीतच, वर गुडघ्याला पीळ बसतो आणि पोटाचे स्नायू थकतात. तरुणपणी हे वेगवान वाटतं. नंतर त्यातून बाहेर पडलेलं बरं.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे. पायाचा आणि गुडघ्याचा ॲसेंडर आलटून-पालटून वापरला की प्रत्येक पावलाला एका गुडघ्यावर जवळजवळ पूर्ण भार येतो. त्रास वाढतो तो बहुधा पुढच्या चुकांमुळे:

मोठं पाऊल. गुडघा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडून मग उभं राहिलं की वाटीवरचा दाब झपाट्याने वाढतो. २०-२५ सेंमीची छोटी पावलं टाका. पावलं वाढतील, पण ताल बसतो आणि धापही कमी लागते.

पाय दोरापासून लांब. टाच नितंबाच्या खाली, दोराच्या रेषेत हवी. पाय पुढे गेला की अंग मागे कलतं, मग हात दोर खेचायला लागतात आणि सगळा फायदा हातातून जातो. छातीवरून एक पट्टा घेऊन मुख्य साधन वर ओढलेलं ठेवलं तर अंग उभं राहतं आणि साधनही आपोआप सरकतं.

गुडघ्याच्या ॲसेंडरची लवचिक दोरी सैल. ती सैल असली की ॲसेंडर पायाबरोबर वर येत नाही, मग माणूस पाय झटकतो. त्या झटक्यानेच नडगीच्या वरची बाजू दुखायला लागते. पाय उचलला की ॲसेंडर स्वतःहून वर आला पाहिजे, इतपत ताण ठेवा. फार घट्ट केली तर उलट पाय खाली दाबतानाच जोर वाया जातो.

पहिले दोन-तीन मीटर ॲसेंडरखाली दोराला वजन नसतं, म्हणून दोर पायाबरोबर वर उचलला जातो. खालच्या माणसाने दोर हलका धरावा, नाहीतर दोराची पिशवीच टोकाला लटकवावी.

गुडघ्यात खरोखरची झीज असेल तर कप्पीवाल्यांचा तिसरा उपाय जास्त योग्य. भार अर्धा.

---

शेंडा

साधनांबद्दल थोडं खोलात लिहितो, कारण गाठीवर वाढलेला माणूस इथेच फसतो.

फिरत्या दोरावरची गाठ अर्धाच भार पेलत असते. तीच गाठ एकेरी स्थिर दोरावर बांधून पूर्ण वजन टाकलं तर ती आवळून बसते. खाली यायला दाबली तर एक तर हलत नाही, नाहीतर एकदम सुटते. केविन बिंगहॅम यांच्या रोप रेंचने नेमकं हेच सोडवलं. गाठीच्या वर दोर किंचित वाकवून ती घर्षणाचा काही भाग आपल्यावर घेते, मग गाठ पूर्वीसारखीच हाताला मऊ लागते. म्हणून जुन्या माणसासाठी स्थिर दोराकडे जायची सर्वांत ओळखीची वाट म्हणजे आपलीच गाठ, वर रेंच. पण लक्षात ठेवा, जीव गाठीवरच आहे. रेंच हे मदतीचं घर्षण आहे, पडणं थांबवायचं साधन नाही. गाठीची दोरी झिजलेली असेल तर रेंच तुम्हाला वाचवत नाही.

झिगझॅगसारखी यांत्रिक गाठ एकेरी स्थिर दोरावर एकटी वापरायची नाही, सोबत शिकेन (रेंचसारखंच जादा घर्षण देणारं जोडसाधन) लागतं. दोराची जाडी ११.५ ते १३ मिमी. ही मर्यादा शोभेला नाही. जुना दोर चीक, धूळ आणि वापराने फुगतो आणि ताठ होतो. नवा दोर गुळगुळीत आणि सडपातळ असतो. एकाच साधनाची पकड या दोन दोरांवर वेगवेगळी लागते. ‘साधन बिघडलं’ असं जे म्हटलं जातं, त्यात पुष्कळदा दोर बदललेला असतो.

उष्णता हाही एक मुद्दा. गाठीची दोरी ८ ते १० मिमीची, अरामिड धाग्याची घ्यावी. पॉलिएस्टर २५० अंशांच्या आसपास वितळतं. अरामिड वितळत नाही, बऱ्याच जास्त तापमानाला करपतं. तरीही भरभर उतरलं की गाठ चकचकीत आणि कडक होते. असा कडक चकाकता पट्टा दिसला की दोरी बदला. ब्लेकची गाठ चढायच्या दोराच्याच शेपटाने बांधतात, तेव्हा तो पट्टा मुख्य दोरावर येतो, म्हणून तेवढं टोक कापून टाकावं लागतं.

---

बुंधा

वय हा विषय असेल तर वर कुणी न लिहिलेली गोष्ट आधी यायला हवी. वर असताना चक्कर आली, छातीत कळ आली तर काय?

हार्नेसमध्ये निपचित लोंबकळणाऱ्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि थोड्याच मिनिटांत प्रकृती गंभीर होऊ शकते. फिरत्या दोरावर त्याला उतरवायला दुसऱ्या चढणाऱ्याने वर जावं लागतं. स्थिर दोर बुंध्याशी उतरवता येईल असा बांधला असेल तर खालचा माणूस त्याला जमिनीवर आणू शकतो. माझ्या मते पन्नाशीपुढच्या माणसासाठी नव्या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच. खांदे नंतर.

बांधणी अशी: बुंध्याला रुंद स्लिंग, तिच्यात दोर सोडता येणारं डिसेंडर, ते पूर्ण कुलूपबंद, वर राखीव गाठ. डिसेंडरच्या मागे पिशवीत जादा दोर, निदान वरच्या बेचक्याच्या उंचीएवढा. बेचकं १८ मीटरवर असेल तर १८ मीटर जादा, अधिक थोडं. हा जादा दोर नसेल तर बुंध्याची बांधणी उतरवायच्या कामाची नाही, माणूस मध्येच अडकतो.

तीन अटी. खालच्या माणसाने हे उतरवणं कमी उंचीवर, शुद्धीवरच्या माणसाला घेऊन, आधी केलेलं असलं पाहिजे. वरचा माणूस लॅनयार्डने (हार्नेसच्या आखूड दोरीने) खोडाला बांधलेला असेल तर तो खाली येणार नाही, ही मर्यादा आधीच माहीत हवी. आणि वाटेत दोर दुसऱ्या बेचक्यांतून वळवलेला असेल तर तो कुठे अडकेल याचा विचार चढतानाच व्हायला हवा.

---

कप्पीवाला

बुंधा यांच्याशी सहमत, पण बुंध्याच्या बांधणीचे दोन धोके मोठ्या अक्षरांत लिहायला हवेत.

एक, वरच्या बेचक्यावरचा भार. दोन पदर खाली येतात, दोन्हींवर ताण, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे बेचक्यावर जवळजवळ १६० किलो. सालीच्या घर्षणाने थोडे कमी होतात, तेवढंच. वर पावलांच्या हिंदकळ्यांनी भार क्षणोक्षणी आणखी वाढतो. दोर वर फांदीलाच बांधला तर हा भार एकपट. वर्षानुवर्षं फिरत्या दोरावर बेचकं निवडलेल्या माणसाची नजर एकपट भाराला सरावलेली असते. त्या नजरेला ‘चालेल’ वाटणारं बेचकं इथे चालेलच असं नाही. दुर्बिणीने बेचक्यात चीर, आत दबलेली साल, बुरशीचं छत्र, वाळका शेंडा बघा. दोर एकाच बारक्या फांदीवर न ठेवता खोडालगतच्या दोन-तीन बेचक्यांवरून गेला तर भार खोडात उतरतो. चढायच्या आधी दोन माणसांनी एकदम दोराला लोंबून झटके द्यायचे.

दोन, करवत. बुंध्याशी ताणलेला पदर म्हणजे वरच्या माणसाचा जीव, आणि तो खाली फांद्या कापणाऱ्याच्या करवतीच्या उंचीला असतो. कामाच्या विरुद्ध बाजूला बांधा, भडक पट्टी लावा, आणि बुंध्याजवळ करवत चालवायची नाही असा साधा नियम ठेवा. पडणारी फांदीही त्या पदरावर येता कामा नये.

---

रानवाट

म्हणजे चढायला आणि उतरवायला बुंध्याशी, आणि काम सुरू झालं की वर फांदीला, असं दोन टप्प्यांत करता येईल?

---

बुंधा

बरेच जण तसंच करतात. बुंध्याच्या दोराने वर जायचं, लॅनयार्डने खोडाला बांधून घ्यायचं, मग काम करायला वर वेगळी बांधणी. नियम एकच: नव्या बांधणीवर पूर्ण वजन टाकून बघितल्याशिवाय जुनी सोडायची नाही. चढलेला दोर तसाच जागेवर ठेवला तर दुसऱ्या माणसाला वर यायला वाट तयार राहते.

एक बारकी गोष्ट राहिली होती. बुंध्याच्या बांधणीत झाडाजवळ दोन पदर शेजारी लोंबत असतात, एक चढायचा, एक बांधलेला. घाईत साधन चुकीच्या पदरावर लागू शकतं. बांधलेल्या पदराला जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत रंगीत कापड गुंडाळा.

---

शेंडा

दोराबद्दल भर घालतो. बेचकं २० मीटरवर आणि बांधणी बुंध्याशी, म्हणजे ताणाखाली ४० मीटर दोर. २ टक्के जरी ताणला तरी ८० सेंमी. पहिली काही पावलं नुसता ताण खाण्यात जातात आणि नंतर प्रत्येक पावलाला झोका येतो. दुखऱ्या कंबरेला तो फार जाणवतो. कमी ताणाचा दोर घ्या. ईएन १८९१ या युरोपीय मानकाच्या अ वर्गात ५० पासून १५० किलोपर्यंत भार वाढवताना ताण ५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. चढताना दोराच्या झोक्याच्या तालावर पाऊल टाकलं की झोका वाढतो. ताल किंचित मोडा, तो शांत होतो.

---

वडपारंबी

आता ‘सवय’ हा भाग, कारण अनुभवी माणसाला धोका नवखेपणाचा नसतो, मुरलेल्या सवयीचा असतो.

घाबरलं की मूठ आवळली जाते. गाठ वरून मुठीत पकडली की ती धरत नाही, हे जुन्यांना ठाऊक असतं, हात आपोआप सुटतो. यांत्रिक साधनात खटका वेगळ्या जागी असतो आणि आवळली मूठ बहुतेक वेळा तो आणखी उघडते. हाताला हे नव्याने शिकवावं लागतं, डोक्याला कळून उपयोग नाही. जमिनीपासून एक-दीड मीटरवर दोरावर बसून, मुद्दाम दचकून हात सोडायचा सराव करा. वीस-तीस वेळा.

दोराच्या लांबीचा अंदाज. ४५ मीटरचा दोर फिरत्या पद्धतीत साधारण २२ मीटरपर्यंत पुरतो, वर फांदीला बांधलेल्या स्थिर पद्धतीत जवळजवळ दुप्पट उंचीला, आणि बुंध्याच्या बांधणीत पुन्हा निम्म्याला; उतरवायचा जादा दोर धरला तर एक-तृतीयांशालाच. पद्धती आलटून-पालटून वापरणाऱ्याचा हा हिशोब चुकतो. टोकाला अडथळ्याची गाठ प्रत्येक वेळी, दोर कितीही पुरेसा दिसला तरी.

आणि एका वेळी एकच बदल. आधी पायाचा ॲसेंडर, जुन्याच गाठीवर. मग तीच गाठ आणि रेंच, स्थिर दोरावर, छोट्या सोप्या झाडावर, करवत न घेता. गुडघ्याचा ॲसेंडर त्यानंतर. यांत्रिक गाठ सर्वांत शेवटी, आणि गरज वाटली तरच. पुष्कळांना रेंचवर थांबलं तरी पुरतं.

---

सालपट

तपासणीबद्दल. वयाबरोबर जवळचं अंधुक दिसतं. दहा मिमीच्या दोरीवरचा तुटका धागा किंवा कॅराबिनरच्या (जोडकडीच्या) खिळ्यावरची चीर चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि हेल्मेटखाली वाचायचा चष्मा कुणी लावत नाही. म्हणून तपासणी झाडाखाली नको, आदल्या दिवशी, टेबलावर, दिव्याखाली, चष्मा लावून. दोर दोन्ही हातांतून इंच-इंच सरकवा. आतला गाभा मऊ किंवा पोकळ लागला, एका जागी दोर टोकदार वाकला, तर तेवढा भाग बाद. यांत्रिक साधनात कड्यांचे खिळे, दोर घासून पडलेली खाच आणि हार्नेसचा पुढचा ब्रिज (साधन जिला लावतात ती आडवी दोरी) बघा. ब्रिज सतत कड्यातून सरकतो, म्हणून तो बाकी हार्नेसच्या कितीतरी आधी झिजतो. ब्रिटनमध्ये माणसाला उचलणाऱ्या साधनांची सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी १९९८ च्या लोलर नियमांनी बंधनकारक आहे. कायदा असो-नसो, तेवढं अंतर पाळण्यासारखं आहे.

---

रानवाट

शेवटचा प्रश्न. यांत्रिक साधन वर असताना अडकलं तर? काटकी किंवा चीक आत जाऊन.

---

शेंडा

म्हणून जुनी गाठ घरी ठेवायची नाही. हार्नेसला कायम एक वळण-दोरी (प्रुसिक बांधायची) आणि एक मोकळा, तीन हालचालींनी उघडणारा कॅराबिनर ठेवा.

अडकलं तर आधी लॅनयार्डने खोडाला बांधून घ्या. अडकलेल्या साधनाच्या वर, त्याच दोरावर प्रुसिक बांधा, ब्रिजला लावा. पायाच्या ॲसेंडरवर उभं राहून प्रुसिक जेवढी वर जाईल तेवढी सरकवा आणि त्यावर बसा. आता अडकलेल्या साधनावरचा भार गेला. कडी उघडा, काटकी काढा, कापडाने पुसा, पुन्हा बसवा. साधनावर वजन टाका, ते धरतंय हे बघा. मग उभं राहून प्रुसिक ढिली करून काढा. लॅनयार्ड सर्वांत शेवटी. साधन खराबच झालं असेल तर ते पूर्ण काढून त्याच्या जागी गाठ आणि रेंच लावून उतरायचं. नुसत्या प्रुसिकवर एकेरी दोराने उतरायला जाऊ नका, वर लिहिल्याप्रमाणे ती आवळून बसते.